जिथे कधी आग लागत नसे

१ मे २०१६ या दिवशी रेडिओहेड हा बँड इंटरनेटवरून पुसला गेला. त्यांचं संकेतस्थळ फिकट होत होत पांढरंफटक झालं. फेसबुक आणि ट्विटरवरच्या जुन्या नोंदी गायब झाल्या. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या काही चाहत्यांच्या घरी टपालानं एक पत्रक आलं होतं. आपण कुठे राहता ते आम्हाला माहीत आहे, अशा अर्थाचा, धमकीच म्हणावी असा मजकूर त्यावर होता. पुढचे दोन दिवस नुसते तर्कवितर्क चालले. मग इन्स्टाग्रामवर एका बाहुली-पक्ष्याची काही सेकंदांची क्लिप आली आणि ३ मे रोजी गाणं आलं : 'बर्न द विच'. सोबत व्हिडिओ. त्यात बँडमधलं कुणीच नव्हतं. होत्या त्या लहान मुलांच्या कार्यक्रमात शोभाव्यात अशा बाहुल्या.

हे पुनरागमन होतं का, यावर वाद घालता येईल. बँड फुटला नव्हता. १९८५च्या सुमारास ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन शाळेत जमलेले तेच पाच जण अजूनही एकत्र होते : थॉम यॉर्क, ग्रीनवुड बंधू जॉनी आणि कॉलिन, एड ओब्रायन आणि फिल सेल्वे. पण 'द किंग ऑफ लिम्ब्स' हा त्यांचा आधीचा अल्बम फेब्रुवारी २०११मधला. मधल्या पाच वर्षांत जो तो आपापल्या कामात होता. यॉर्क आणि सेल्वे यांचे स्वतंत्र अल्बम आले. जॉनी ग्रीनवुड तर २०१५मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कलाकारांसोबत 'जुनून'चं ध्वनिमुद्रण करत होता. २०१५च्या नाताळात बाँडपटासाठी केलेलं पण नाकारलं गेलेलं 'स्पेक्टर' हे गाणं त्यांनी फुकट वाटून टाकलं, तेवढंच. त्यामुळे 'बर्न द विच' आलं तेव्हा लोक कान टवकारून बसले होते.

आणि रेडिओहेडकडून अपेक्षा असायची ती तंत्रज्ञानाच्या एखाद्या नव्या करामतीची. २००७मध्ये त्यांनी 'इन रेनबोज' हा अल्बम 'वाटेल तेवढे पैसे द्या' म्हणत स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि संगीत-उद्योगाला घाम फोडला. २००८च्या 'हाउस ऑफ कार्ड्स'च्या व्हिडिओसाठी त्यांनी कॅमेराच वापरला नाही. लेसरनं मोजलेल्या बिंदूंच्या ढगातून यॉर्कचा चेहरा उभा केला आणि तो सगळा डेटा गूगलमार्फत जगाला खुला केला. माझ्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हा बँड आवडायला अशी कारणंही होती. गाण्यांतलं दुःख पुढे कळलं, आधी डेटा डाउनलोड करून पाहिला.

त्या बँडनं २०१६मध्ये परत येताना आणलं काय? १९६६ सालच्या मुलांच्या मालिकेसारख्या दिसणाऱ्या बाहुल्या, १९७३च्या एका भयपटाचं कथानक आणि सोळा वर्षं पडून राहिलेलं गाणं. नवं असं त्यात जवळपास काहीच नव्हतं. मला वाटतं, या गाण्याचं आणि व्हिडिओचं मर्म नेमकं इथेच आहे.

पडून राहिलेलं गाणं

सॉफ्टवेअरच्या धंद्यात बॅकलॉग नावाची एक यादी असते. करायच्या पण आत्ता नको अशा कामांची. बहुतेक कामं तिथेच मरतात. एखादं मात्र वर्षानुवर्षं तग धरतं, कारण त्यामागचा प्रश्न काही सुटलेला नसतो.

'बर्न द विच' हे असंच काम होतं. 'किड ए' (२०००) या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या काळात बँडनं त्यावर हात टाकला होता. ते जमलं नाही. २००३च्या 'हेल टू द थीफ'च्या वेष्टनावर जी असंख्य शब्दांची चित्रं आहेत त्यांत हे दोन-तीन शब्द दिसतात, पण अल्बममध्ये गाणं नाही. चाहत्यांना नाव ठाऊक होतं, गाणं ठाऊक नव्हतं.

गाणं पहिल्यांदा हाताशी आलं त्या काळातला ब्रिटन आठवून पाहावा. २०००च्या उन्हाळ्यात एका आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. त्यानंतर 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या खपाच्या साप्ताहिकानं लहान मुलांवर अत्याचार केलेल्यांची नावं आणि फोटो छापण्याची मोहीम उघडली. ऑगस्टमध्ये पोर्टस्मथ शहरातल्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रोज रात्री जमाव निघू लागला. घरांवर दगड पडले, गाड्या जळल्या, ज्यांचा कशाशी काही संबंध नव्हता अशा कुटुंबांनाही वस्ती सोडून जावं लागलं. त्याच महिन्यात वेल्समधल्या न्यूपोर्टला एका डॉक्टरबाईंच्या दारावर कुणीतरी रंगानं शिवी लिहून ठेवली. बाई बालरोगतज्ज्ञ होत्या. इंग्रजीत बालरोगतज्ज्ञ आणि बालअत्याचारी या दोन शब्दांची सुरुवात सारखी होते. रंगवणाऱ्याला तेवढं साम्य पुरलं.

हे गाणं त्या घटनांवरच बेतलं असं मी म्हणणार नाही. पण ते ज्या हवेत सुचलं ती हवा ही होती. गाण्याचे शब्द इथे देत नाही, त्याची ठेवण मात्र सांगण्यासारखी आहे. ते जवळजवळ सगळं आज्ञार्थात आहे. गावातला कुणी जाणता माणूस दुसऱ्याला हळूच समजावतोय असा सूर आहे : गप्प राहा, मान खाली घाल, सगळे करतात ते कर. जिला जाळायचं तिचं नाव नाही, गुन्हा नाही, तिची बाजू तर नाहीच. क्रूरपणा करायला सांगणारा माणूस इथे काळजीवाहू शेजाऱ्यासारखा बोलतो.

नखीनं वाजवलेली व्हायोलिनं

गाणं सोळा वर्षांनी जमलं ते तंतुवाद्यांमुळे. रॉक गाण्यात व्हायोलिनं बहुधा शेवटी येतात. गाणं उभं राहिलं की वरून साखर पेरावी तशी. इथे पहिल्या सेकंदापासून गाणं त्यांच्याच खांद्यावर आहे. लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्राच्या वादकांनी गज बाजूला ठेवून गिटारच्या नखीनं तारा छेडल्या. त्यातून येणारा आवाज व्हायोलिनचा वाटत नाही, तालवाद्याचाही पुरता वाटत नाही. घाईघाईनं चालणारी शेकडो पावलं, किंवा वाळल्या काटक्या मोडण्याचा आवाज, असं काहीतरी कानाला जाणवत राहतं.

ही रचना जॉनी ग्रीनवुडची. एव्हाना तो 'देअर विल बी ब्लड'सारख्या सिनेमांचं संगीत करून बसला होता आणि पोलिश रचनाकार पेंडेरेत्स्कीच्या तंतुवाद्यांतल्या कर्कशतेचा त्याचा नाद जुना होता. गाण्याचा पहिला भाग ऐकताना पाय ठेका धरतो. वर यॉर्कचा उंच, स्वच्छ आवाज. मग हळूहळू खालचे स्वर सरकू लागतात. शेवटाकडे सगळी तंतुवाद्यं एकमेकांवर चढत, बेसूर होत वर जातात आणि कडा यावी तसं गाणं तुटतं. निर्माता अर्थातच नायजेल गॉडरिच, 'ओके कॉम्प्युटर'पासून (१९९७) त्यांच्या प्रत्येक अल्बमचा साथीदार.

गाव दाखवायला नेतात तेव्हा

व्हिडिओ दिग्दर्शित केला ख्रिस होपवेलनं. सुरुवात पक्ष्याच्या किलबिलीनं. एका टुमदार इंग्रजी गावात एक तपासनीस येतो. हातात कागद, चेहरा गंभीर. गळ्यात अधिकाराची साखळी घातलेले नगराध्यक्ष त्याचं स्वागत करतात आणि गाव दाखवायला नेतात. आपल्याकडे कुणी मोठा साहेब आला की ग्रामपंचायतीची माणसं हौसेनं पाण्याची टाकी, शाळा, नवं सभागृह दाखवतात, अगदी तसं. फक्त इथे दाखवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एका घराच्या दारावर लाल फुली रंगवली जातेय. बुडवायच्या खुर्चीला एका बाईला बांधलंय. चेटकीण ठरवलेल्या बाईला पाण्यात बुडवून पाहायचं हे जुनं साधन. झाडाला बांधलेल्या तरुणीभोवती शिंगांचे मुखवटे घातलेले पुरुष तलवारी घेऊन फिरताहेत. फाशीचा खांब फुलांनी सजवला जातोय. काचघरात टोमॅटो पिकलेत. तपासनीस प्रत्येक गोष्ट पाहतो, दचकतो, नोंद करतो. नगराध्यक्षांचा उत्साह कुठेच कमी होत नाही.

शेवटी एका मोठ्या गोष्टीवरचं कापड बाजूला केलं जातं. वेतानं विणलेला माणसाचा अवाढव्य पुतळा. तपासनिसाला शिडीनं वर चढवतात, आत कोंडतात आणि पुतळा पेटवतात. गावकरी आगीकडे पाठ करतात आणि हसऱ्या चेहऱ्यानं आपल्याला, म्हणजे कॅमेऱ्याला, हात हलवून निरोप देतात.

एक भला फायर ब्रिगेड

ब्रिटनमध्ये चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रेक्षकाला या बाहुल्या बघताक्षणी ओळखू आल्या. गॉर्डन मरे यांनी बीबीसीसाठी तीन मालिका केल्या होत्या : 'कॅम्बरविक ग्रीन' (१९६६), 'ट्रम्प्टन' (१९६७) आणि 'चिगली' (१९६९). प्रत्येकीचे तेरा भाग, म्हणजे सगळे मिळून एकोणचाळीस. पण ते इतक्या वेळा पुन्हा पुन्हा दाखवले गेले की दोन-तीन पिढ्यांचं बालपण त्यांत मुरलं. टेबल टेनिसच्या चेंडूंची डोकी असलेल्या, वीतभर उंचीच्या या बाहुल्या. पवनचक्कीवाला, पोस्टमन, पोलीस शिपाई, नगराध्यक्ष. जो तो आपलं काम करतो, संध्याकाळी बँड वाजतो. कुणी वाईट नाही, कुणी बाहेरचं नाही, काहीच बदलत नाही. ६०च्या दशकातल्या खऱ्या ब्रिटनमध्ये गिरण्या बंद पडत होत्या, कॅरेबियन बेटांतून आणि भारत-पाकिस्तानातून माणसं येऊन स्थायिक होत होती, १९६८मध्ये इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण झालं. ट्रम्प्टनमध्ये यातलं काही पोचलं नाही.

ट्रम्प्टनमध्ये एक फायर ब्रिगेड होता. प्रत्येक भागात जवानांची हजेरी व्हायची, बंब धावायचा. पण आग कधीच विझवावी लागायची नाही. कुठे कुणाची टोपी झाडात अडकलेली, कुठे मांजर. कारण तांत्रिक होतं. स्टॉप-मोशनमध्ये बाहुली तसूभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, असं सेकंदाला बारा किंवा चोवीस चित्रं. हात-पाय असे हलवता येतात. ज्वाळा, धूर आणि पाणी बोटांनी हलवता येत नाही. म्हणून त्या गावात आग लागायचीच नाही.

आता होपवेलच्या व्हिडिओचा शेवट पुन्हा आठवा. जिथे आग दाखवणं शक्यच नव्हतं म्हणून जे गाव इतकं निरागस राहिलं, नेमकं तिथेच त्यानं आग लावली.

यातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९८०च्या दशकात मरे यांनी त्यांच्या बहुतेक मूळ बाहुल्या स्वतःच शेकोटीत जाळून टाकल्या. त्यात गूढ काही नसावं. जुन्या, मोडक्या वस्तू घरात किती ठेवणार? पण ज्या गावाच्या आठवणीनं लाखो लोक हळवे होत होते ते गाव प्रत्यक्षात कधीच राख झालेलं होतं.

होपवेलचा रेडिओहेडशी संबंध आधीचा होता. २००३मध्ये 'देअर देअर' गाण्यासाठी यॉर्कला 'बॅगपस' या मुलांच्या मालिकेसारखा व्हिडिओ हवा होता. 'बॅगपस'चे निर्माते ऑलिव्हर पोस्टगेट निवृत्त झाले होते, त्यांनी नकार दिला आणि काम होपवेलकडे आलं. त्यातही जंगलातले प्राणी माणसांसारखे कपडे घालून छान जगताहेत, आणि त्यांच्या जगात डोकावणाऱ्या, तिथली वस्तू उचलणाऱ्या माणसाचं शेवटी झाड होतं. बालपणीच्या टीव्हीत काहीतरी भयंकर दडलंय, ही शंका यॉर्कला तेव्हापासून होती. 'बर्न द विच'चं काम मात्र अगदी कमी वेळात, साधारण दोन आठवड्यांत उरकावं लागलं. साडेतीन मिनिटांहून मोठा व्हिडिओ, सेकंदाला बारा चित्रं धरली तरी अडीच हजारांवर. ज्यांनी कधी डेडलाइन पाळली आहे त्यांनी या आकड्याला नमस्कार करावा.

वेताच्या पुतळ्याची अफवा

व्हिडिओचं कथानक रॉबिन हार्डी यांच्या 'द विकर मॅन' (१९७३) या सिनेमाचं आहे. एका हरवलेल्या मुलीच्या शोधात पोलीस अधिकारी स्कॉटलंडच्या एका बेटावर जातो. तिथले लोक हसतमुख, गाणारे, ख्रिस्तपूर्व देवतांना मानणारे. सफरचंदाचं पीक बुडालेलं असतं. शेवटी कळतं की शोध वगैरे सापळा होता. बळी द्यायला आणलंय ते त्यालाच. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याला वेताच्या पुतळ्यात कोंडून जाळतात. रेडिओहेडचं संकेतस्थळ पांढरं पडलं तीही १ मेच.

पण वेताचा पुतळा हार्डींनी शोधलेला नाही. त्याचा उगम ज्युलियस सीझरच्या लेखनात आहे. गॉल प्रांतावरच्या मोहिमांची हकिगत सांगताना सहाव्या भागात तो लिहितो की तिथले लोक फांद्यांचे प्रचंड पुतळे विणून त्यांत जिवंत माणसं भरतात आणि पेटवतात. सीझर तो प्रदेश जिंकायला गेला होता. जिंकायच्या लोकांबद्दल अशा गोष्टी मायदेशी लिहून कळवणं सोयीचं असतं. खरोखर असे पुतळे जाळले जात असल्याचा उत्खननातला पुरावा नाही. १६७६मध्ये एलेट सॅम्स या इंग्रज लेखकाच्या पुस्तकात त्या पुतळ्याचं चित्र छापलं गेलं आणि ते चित्र लोकांच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

म्हणजे पाहा, परक्याला जाळणाऱ्या गावाची ही प्रतिमाच मुळात परक्यांवर केलेला एक आरोप आहे. 'ते लोक माणसं जाळतात' असं आपल्या लोकांना सांगितलं की मग त्या लोकांचं काहीही करता येतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रोपगंडा हातोहाती इथवर आला.

गाण्याच्या नावातही अशीच एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत नसत, फाशी देत. जाळणं ही पाखंड आणि राजद्रोहासारख्या गुन्ह्यांची शिक्षा. १६४५ ते १६४७च्या यादवीच्या काळात मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या स्वयंघोषित चेटकीण-शोधकानं पूर्व इंग्लंडमध्ये धुमाकूळ घातला, तेव्हाही बायका लटकल्या त्या दोरालाच. स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात मात्र चिता पेटल्या. व्हिडिओत फुलांनी सजवलेला फाशीचा खांब दिसतो तेव्हा इंग्रजी इतिहासाच्या दृष्टीनं तोच खरा आहे.

हॉपकिन्सच्या काळातली आणखी एक बाब इथे महत्त्वाची. आरोपी बहुतेक वेळा परगावची नसे. ती शेजारीण असे. म्हातारी, गरीब, एकटी. जिला दूध नाकारलं आणि नंतर गाय मेली, अशी. न्यायालयांतल्या साक्षी वाचल्या की राक्षसी असं काही सापडत नाही. वर्षानुवर्षांची उधारी, बांधावरची भांडणं, मेलेलं वासरू, इतकंच सापडतं.

मे ते जुलै

गाणं आलं तेव्हा ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही, यावरच्या सार्वमताचा प्रचार शिगेला पोचत होता. व्हिडिओवर काम केलेल्या विर्पी केट्टू यांनी एका मुलाखतीत सांगितलं की युरोपातला निर्वासितांचा प्रश्न आणि मुसलमानांवर खापर फोडणं, याकडे बँडला लक्ष वेधायचं असावं, असं त्यांना वाटतं. मरे यांच्या कुटुंबीयांना हा व्हिडिओ अजिबात रुचला नाही. आपल्या गोड गावाचं असं विद्रूपीकरण कुणी न विचारता केलं, याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

१६ जून रोजी सकाळी नायजेल फराज यांनी एक भित्तिपत्रक प्रसिद्ध केलं. त्यावर निर्वासितांची लांबच लांब रांग होती आणि आता सहनशक्ती संपली अशा अर्थाचा मथळा. त्याच दिवशी दुपारी यॉर्कशरमधल्या बर्स्टल या छोट्या गावात, वाचनालयासमोर, खासदार जो कॉक्स यांची हत्या झाली. निर्वासितांना आसरा द्यावा म्हणून त्या बोलत असत. २३ जूनला मतदान झालं आणि ब्रिटननं बाहेर पडायचा कौल दिला. ३० जूनला गॉर्डन मरे वयाच्या ९५व्या वर्षी गेले. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, रॉबिन हार्डी गेले. व्हिडिओला बाहुल्या देणारा आणि गोष्ट देणारा, दोघे एका दिवसाच्या अंतरानं.

त्यामुळे हा व्हिडिओ म्हणजे ब्रेक्झिटवरचं भाष्य, असं समीकरण पक्कं झालं. मला ते पुरतं पटत नाही. व्हिडिओतला बाहेरचा माणूस निर्वासित नाही. तो सरकारी आहे, सूट घालून आलाय, लोकांच्या चुका टिपतोय. बाहेर पडायच्या बाजूनं मत देणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला तो ब्रसेल्सहून आलेला अधिकारी वाटला, तर त्याला चूक कसं म्हणणार? शिवाय शहरातल्या सुशिक्षित, सुखवस्तू श्रोत्यांनी खेडवळांना खुनी बाहुल्या म्हणून बघावं आणि मान डोलवावी, यात एक तुच्छता आहेच. माझ्या ओळखीत हा व्हिडिओ एकमेकांना पाठवणाऱ्यांत खेड्यात राहणारं कुणी नव्हतं.

पण व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला की दुसरीच गोष्ट दिसते. तपासनीस यायच्या आधीच लाल फुलीचा रंग कालवलेला आहे. खुर्चीला बांधलेली बाई गावातलीच आहे. झाडाला बांधलेली मुलगी गावातलीच आहे. फाशीचा खांब काही तपासनिसासाठी उभारलेला नव्हता. परका तर सगळ्यात शेवटी जळायला उभा राहतो. सराव आपल्याच माणसांवर झालेला असतो. हॉपकिन्सच्या काळातल्या साक्षी हेच सांगतात. माझ्या मते व्हिडिओ याबद्दल आहे, आणि म्हणून तो ब्रेक्झिटनंतरही शिळा होत नाही.

हात हलवणारे

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात आधीच पसरल्या होत्या. पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि मारहाण करून त्यांचा जीव घेण्यात आला. लोक मोबाइलवर चित्रण करत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन आणायचं जाहीर केलं. आमच्या धंद्याचं उत्तर बहुधा असंच असतं : एका आकड्याची मर्यादा. ती उपयोगाची असेलही. पण अफवा फोनमध्ये शिरली त्याआधी कितीतरी वर्षं भटक्या जमातींवर इंग्रजांच्या कायद्यानं, १८७१ साली, 'गुन्हेगार' असा शिक्का मारायला सुरुवात झाली होती आणि आपण तो मनातून कधी नीट पुसला नाही. राईनपाड्यातही रंग आधीच कालवलेला होता.

या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. एक बाहुल्यांचा खेळ आहे, दुसरी पाच माणसांचा मृत्यू. पण राईनपाड्यानंतर मला त्या व्हिडिओतला हात हलवण्याचा क्षण पूर्वीसारखा पाहवत नाही. आधी वाटायचं, बाहुल्या कॅमेऱ्याकडे बघून वाकुल्या दाखवताहेत. आता वाटतं, त्या निरोप देत नाहीत, बोलावताहेत. आगीकडे पाठ केली की ती दिसत नाही, आणि समोर बघणारा माणूस आपोआप त्यांच्या रांगेतला होतो.

८ मे २०१६ रोजी 'अ मून शेप्ड पूल' हा अल्बम आला. त्यातली गाणी इंग्रजी वर्णक्रमानं लावली आहेत, त्यामुळे 'बर्न द विच' पहिलं. पहिलं म्हणून निवडायची गरजच पडली नाही. अल्बमच्या शेवटी 'ट्रू लव्ह वेट्स' आहे, १९९५पासून मैफलींतून ऐकू येणारं. म्हणजे अल्बमच्या दोन्ही टोकांना पडून राहिलेली गाणी आहेत.

व्हिडिओच्या शेवटाबद्दल एक सांगायचं राहिलं. हार्डींच्या सिनेमात अधिकारी जळून मरतो. होपवेलच्या व्हिडिओत आग विझल्यावर, पक्षी पुन्हा किलबिलायला लागल्यावर, झाडीमागून तपासनीस डोकं वर काढतो. चेहरा काजळीनं काळा, पण जिवंत. सगळं जुनं जसंच्या तसं उचलणाऱ्यांनी एवढा एकच बदल केला. तो पुढे कुठे गेला, त्याच्या कागदांवर काय लिहिलं होतं, ते कळत नाही. गावाला तो निसटल्याची खबरही नाही.

राईनपाड्यातून पाचांपैकी कुणी निसटलं नाही.